मागचा चाप आधी

अकोला स्टेशनाबाहेर एक दमणी उभी आहे आणि ती तुमच्यासाठीच आली आहे. साल १९३७, महिना मार्गशीर्ष. अंगावर धोतर, बंद गळ्याचा कोट, डोक्यावर काळी टोपी. मोबाईल तिकडेच राहिला. गाडीवान तुमची वळकटी आत टाकतो, बैलांना नावांनी हाका मारतो आणि गावाबाहेर पडेपर्यंत तुम्हाला एकही प्रश्न विचारत नाही. तुम्ही पाटलांचे नागपूरचे पाहुणे, एवढं त्याला पुरेसं आहे.

बार्शीटाकळीची वाट अकरा-बारा मैलांची. दोन्ही अंगांना काळी जमीन, फुटलेली पऱ्हाटी, ओटीत कापूस भरणाऱ्या बाया, मधूनच तुरीचे पिवळे तास. नागपुरात डॉ. खरे यांचं मंत्रिमंडळ बसून काही महिने झालेत. वऱ्हाड कागदावर अजून निजामाचं आहे, कारभार इंग्रजांचा आहे, आणि बंदुकीच्या परवान्यावर सही डेप्युटी कमिशनरची लागते. तो परवाना पत्र्याच्या नळकांड्यात गुंडाळून देवघरात ठेवायची रीत आहे. विद्रुपा नदी ओलांडली की गाव. शके १०९८ चा शिलालेख असलेलं कालिका देवीचं देऊळ बघून घ्या असं गाडीवान सुचवतो. उद्या बघू. तुम्ही आलात ते पाटलांच्या माजघरातल्या दुनळी बंदुकीसाठी.

"या पाहुने, बसा. काहून एवढा वखत झाला?" पाटील ओट्यावरूनच विचारतात. मग जेवण. बंदुकीचा विषय तुम्ही काढता तेव्हा पडद्याआडून पाटलीणबाईंचा आवाज येतो, "ते बंदूक म्हंजे माही सवत हाये. मायाकडे कवा एवढं तेलपानी झालं नाई." पाटील ऐकून न ऐकल्यासारखं करतात आणि खोळ सोडतात.

दोन नळ्या शेजारी शेजारी. बाहेरच्या अंगाला दोन घोडे, खाली कडीत दोन चाप, एकामागे एक. नळ्यांवर पिळदार नक्षी आहे, पण ती कोरलेली नाही. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, गजाभोवती गुंडाळून, तापवून ठोकून अशा नळ्या करत, आणि तो पीळ वर उमटून दिसे. बारा बोअर म्हणजे काय, हेही इथेच सांगून टाकतो. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक जेवढी जाड होईल तेवढा नळीचा व्यास, साधारण साडेअठरा मिलिमीटर. हिशोब शिशाचा आहे, फुटपट्टीचा नाही, म्हणून दहा बोअरची नळी बारा बोअरपेक्षा मोठी असते आणि नवख्या माणसाची पहिली फजिती तिथेच होते.

बंदूक मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, नळ्या उपड्या करा. खालच्या सपाट भागावर बर्मिंगहॅमच्या चाचणीघराचे शिक्के आहेत. उजव्या नळीवर मुकुट, अक्षरं, आकडा. डाव्या नळीवरही तेच, आणि शिवाय तीन बारीक इंग्रजी शब्द: नॉट फॉर बॉल. या नळीतून एकसंध गोळी उडवू नये. १८७५ पासून १८८७ पर्यंत चोक असलेल्या नळ्यांवर हा शिक्का मारत. पुढे तो बदलून नुसता 'चोक' असा झाला. म्हणजे बंदूक पन्नास-साठ वर्षांची आहे, हे तुम्हाला कळलं. पाटलांना इंग्रजी वाचता येत नाही, हे तुम्ही मघाशीच पाहिलंय. तुमच्या पोटात जरा गोळा येतो. पण पहिल्याच रात्री यजमानाला त्याच्याच बंदुकीबद्दल शिकवायला जाणं बरं दिसत नाही. तुम्ही गप्प राहता.

सकाळी विद्रुपेच्या काठी. उन्हं चांगली वर आल्यावर पखुर्ड्या पाण्यावर येतात. बाभळीच्या आडोशाला पाटील उभे, तुम्ही त्यांच्या डाव्या अंगाला, आणि मागे सालदाराचं पोर पितळी काडतुसांची पिशवी धरून. ही काडतुसं घरीच भरलेली आहेत, काळी दारू, वर जाड पुठ्ठ्याची चकती, मग छर्रे. पितळी टोपण झिजेपर्यंत पुन्हा पुन्हा भरायचं.

थवा आधी ऐकू येतो, मग दिसतो. समोरून, नदीपलीकडून, सरळ तुमच्या अंगावर. पाटलांचं बोट तुम्ही पाहा. ते पुढच्या चापाला शिवत नाही. तो ओलांडून मागच्या चापावर जातं. थवा अजून चाळीस पावलांवर असताना डावी नळी वाजते. धुराचा पांढरा ढग वाऱ्याने बाजूला सरकतो, तोवर पाखरं डोक्यावर येतात आणि पुढच्या चापाने उजवी नळी वाजते. दोन पाखरं वाळूत. पोर धावतं.

"पाहुने, तुमाले वाटलं असन का मी उलटा चाप दाबला," पाटील नळ्या मोडत म्हणतात. "पाखरू आंगावर येत असन तं पयले मांगचा. पाखरू पळून जात असन तं पयले समोरचा. माह्या बापानं मले हेच शिकवलं, दुसरं काईच नाई."

यात बंदुकीचं निम्मं शास्त्र आलं. रिवाज असा की पुढचा चाप उजव्या नळीचा, मागचा डाव्या नळीचा. उजवी नळी मोकळी, सरळ. डावी नळी तोंडाशी किंचित आवळलेली, मोटेची सोंड आवळावी तशी. या आवळण्यालाच चोक म्हणतात. बंदूक बनवणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं की शिकारी कुत्रा घेऊन गवतातून चालला आहे. तितर पायाखालून भुर्रकन उठतो आणि लांब लांब जातो. पहिला बार जवळचा, तिथे छर्रे पसरलेले हवेत. दुसरा बार लांबचा, तिथे ते एकत्र राहायला हवेत. म्हणून आधी पुढचा चाप, मग मागचा, बोट आपसूक मागे घसरतं. पखुर्डी हे गृहीतक उलटं करते. ती लांबून जवळ येते. पाटलांनी बंदूक बदलली नाही, बोटाचा क्रम बदलला. दोन चापांची खरी श्रीमंती हीच. पाखरू उठतं आणि बोट टेकतं, त्या अर्ध्या क्षणात कोणती नळी आधी हे माणूस ठरवू शकतो, आणि त्यासाठी कुठलीही कळ फिरवावी लागत नाही.

हे आवळणं किती? बारा बोअरच्या पूर्ण चोकमध्ये जेमतेम एक मिलिमीटर. त्या एका मिलिमीटरसाठी इंग्लंडमध्ये केवढं भांडण झालं ते पाहायला इथूनच जरा बाजूला या.

लंडन, १८७५. 'द फील्ड' नावाच्या साप्ताहिकाने बंदुकांची चाचणी भरवली आहे. संपादक जॉन हेन्री वॉल्श छर्रे मोजण्याच्या बाबतीत कुणावर विश्वास ठेवत नाहीत. चाळीस यार्डांवर, म्हणजे साडेछत्तीस मीटरवर, कागद ताणून लावलेत. त्यावर तीस इंच व्यासाचं वर्तुळ, आणि त्यात पडलेली भोकं एकेक करून मोजायची. सहा नंबरचे सव्वा औंसापेक्षा थोडे कमी छर्रे म्हणजे तीनशेच्या आसपास दाणे. साध्या सरळ नळीतून त्यातले एकशेवीसच्या जवळपास वर्तुळात पडतात. तोंड आवळलेल्या नळीतून दोनशे दहाच्या जवळपास. तुमच्या शेजारचे म्हातारे बंदूकवाले मान हलवताहेत. आयुष्यभर ज्या नळ्या विकल्या त्या एका दुपारीत जुन्या झाल्या. जिंकलेला माणूस बर्मिंगहॅमचा विल्यम वेलिंग्टन ग्रीनर. युक्ती त्याने शोधलेली नाही. न्यूकॅसलच्या विल्यम रॉचेस्टर पेपने १८६६ सालीच तिचं पेटंट घेतलं होतं आणि अमेरिकेतले बदकांचे शिकारीही तिच्यावर हक्क सांगतात. ग्रीनरने ती दर वेळी हमखास साधून दाखवली आणि मोठ्याने सांगितली. माझ्या मते दुसरं जास्त महत्त्वाचं ठरलं. त्याच वर्षी वेस्टली रिचर्ड्स कंपनीच्या दोन माणसांनी, अँसन आणि डीली यांनी, घोडे आत लपवणारी रचना पेटंट केली. पाटलांच्या बंदुकीला बाहेर घोडे आहेत याचा अर्थ ती तिच्या काळातही थोडी जुन्या वळणाची होती.

चोकचं वेड मग असं पसरलं की काहींनी दोन्ही नळ्या पूर्ण आवळून घेतल्या. पैजेवर कबुतरं मारणाऱ्यांना ते ठीक होतं. गवतात वीस पावलांवर लावा उठवणाऱ्याच्या हाती तसली बंदूक आली तर दोनच गोष्टी होतात, एक तर पाखरू चुकतं, नाहीतर खाण्यालायक राहत नाही.

आता १८९० च्या आसपास, पुन्हा वऱ्हाडात. काटेपूर्णेच्या काठी तंबू लागलेत. एलिचपूरच्या छावणीतला हैदराबाद कंटिंजंटचा एक गोरा अधिकारी हिवाळ्याच्या सुट्टीवर आहे. पाटलांचे वडील, नुकतंच मिसरूड फुटलेला तरुण पोरगा, दूध-कोंबड्यांची सरबराई बघायला आले आहेत. तुम्ही त्यांच्यामागे उभे राहा. तंबूपुढच्या मेजावर दोन बंदुका आहेत. एक तुमच्या ओळखीची, पिळदार नळ्यांची. दुसरी नवी कोरी, हॉलंड अँड हॉलंडची, आणि साहेब ती खाली ठेवायला तयार नाही.

नव्या बंदुकीच्या नळीत तोंडाकडून डोकावा. आत सगळी गुळगुळीत, फक्त शेवटच्या दोनेक इंचांत मळसूत्री खाचा. या बंदुकीचं नाव पॅराडॉक्स. कर्नल जॉर्ज व्हिन्सेंट फॉस्बेरीने १८८५ साली तिचं पेटंट घेतलं. सरहद्दीवरच्या अंबेला मोहिमेत १८६३ साली व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला हा माणूस हिंदुस्थानातल्या लष्करातला. त्याला अडचण नेमकी ठाऊक होती. इथल्या झाडीत तुम्ही तितराला निघता आणि समोर अस्वल उभं राहतं. छर्ऱ्यांची बंदूक आणि गोळीची रायफल दोन्ही बाळगायच्या तर दुसरी नोकराच्या खांद्यावर असते आणि नोकर नेमका झाडावर. फॉस्बेरीने चोकच्या जागीच खाचा घातल्या. छर्रे त्यातून बऱ्यापैकी एकत्र जातात, आणि जड गोळीला शेवटच्या क्षणी गिरकी मिळून ती शंभर यार्डांपर्यंत नेमकी लागते. वजन साध्या दुनळीच्या थोडंसं वर. मग सगळ्यांनीच तसलं काहीतरी काढलं. चार्ल्स लँकेस्टरच्या दुकानाने खाचाच न पाडता नळीचं भोक किंचित लंबवर्तुळाकार करून त्याला पीळ दिला. वसाहती आणि हिंदुस्थान हे दोन्ही गिऱ्हाईक डोळ्यांसमोर ठेवून त्या बंदुकीला 'कोलिंडियन' असं नाव दिलं. वेस्टली रिचर्ड्सची 'एक्सप्लोरा' पुढे आली. या सगळ्या विचित्र नळ्या इंग्लंडच्या पाखरांसाठी नव्हत्याच. त्या आपल्या रानांनी घडवल्या, हे बंदुकांच्या इंग्रजी पुस्तकांत कमीच ठळकपणे लिहिलेलं असतं.

तंबूच्या मागे दोन फासेपारधी उकिडवे बसलेत. साहेबाने त्यांना पाखरांच्या जागा दाखवायला बोलावलंय. त्यांच्याजवळ बांबूच्या काड्या आणि केसांचे फासे, एवढंच. यातला एक तोंडाने तितराचा आवाज काढतो आणि झुडपातून उत्तर येतं. पावसाळ्यात याच गवताळ बिडांत तणमोराचा काळा नर उड्या मारतो. गवतावर डोकं काढून स्वतःची जाहिरात करणाऱ्या त्या पाखराला कुठल्याही चोकची बंदूक पुरे होई, आणि साहेबलोकांनी तसाच तो मारला. आज अकोला-वाशीमच्या बाजूला तणमोर दिसला तर बातमी होते.

साहेब बदली होऊन निघाला तेव्हा अकोल्यात त्याच्या सामानाचा लिलाव झाला. पॅराडॉक्स त्याच्यासोबत गेली. जुनी, डाव्या नळीत गोळी न चालणारी, पाटलांच्या वडिलांकडे आली.

१९३७ ची दुपार. ओसरीवर पाटलांचा धाकटा मुलगा पालथा पडून मुंबईच्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सची जाडजूड किंमतसूची चाळतोय. तो अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेजात शिकतो आणि सुट्टीवर आलाय.

"बाबा, आता एकच चाप असते. एक डाव दाबला की एक नळी, अजून दाबला की दुसरी."

"आनि पयले कोनती उडवाची हे कोन ठरवनार? दुकानदार?"

मुलगा गप्प बसतो, कारण प्रश्न बरोबर आहे. एका चापाने दोन नळ्या उडवणं वाटतं तितकं सोपंही नाही. बार झाला की बंदूक मागे येते, चाप बोटापासून सुटतो. मग खांदा तिला पुढे ढकलतो आणि बोट नकळत पुन्हा चापावर आपटतं. उडवणाऱ्याला पत्ताही नसतो, तो शपथेवर सांगेल की मी एकदाच दाबला. दोन्ही नळ्या जवळजवळ एकदम उडतात. लँकेस्टरच्या चार नळ्यांच्या बंदुकीत एकच चाप होता, पण तो ओढायला इतका जड की नेम हलायचा. हे कोडं लंडनच्या बॉस कंपनीच्या जॉन रॉबर्टसनने सोडवलं. हा हॅडिंग्टनचा स्कॉटिश कारागीर. त्याने १८९४ मध्ये जी रचना आणली तिच्यात तीन ओढी धरलेल्या होत्या. पहिल्या ओढीला एक नळी उडते, दुसरी ओढ धक्क्यामुळे नकळत होते आणि ती यंत्र मुद्दाम वाया घालवतं, तिसरीला दुसरी नळी उडते. माणसाच्या हातून होणारी चूक थांबवण्याऐवजी तिला यंत्रात जागा करून देणारा हा माणूस मला चोकवाल्या ग्रीनरपेक्षा हुशार वाटतो.

पण पाटलांची हरकत त्यानेही मिटत नाही. क्रम बदलायचा तर आधी एक खटका सरकवायचा, आणि पाखरू आल्यावर खटके कोण शोधतो? अमेरिकेत विकायला काढलेल्या ब्राउनिंगच्या वरखाली नळ्यांच्या बंदुकीत या तिसाच्या दशकात एक मजेशीर तोड मिळत होती. चाप दोन, आणि दोन्ही पूर्ण. पुढचा दोनदा दाबला तर एका क्रमाने दोन्ही नळ्या उडतात, मागचा दोनदा दाबला तर उलट्या क्रमाने. ही बंदूक कुणी या ओसरीवर आणून ठेवली असती तर पाटलांनी मुलाशी भांडण मिटवलं असतं. तिची किंमत ऐकून पुन्हा सुरू केलं असतं, हेही खरं.

संध्याकाळी गावातले मिस्त्री येतात. लोहारकाम, कुलुपं, शिवणयंत्रं, बंदुका, सगळं बघतात. त्यांना पाटील 'उस्ताद' म्हणतात आणि ते पाटलांना 'दादा'. मागच्या चापाचा ताण फारच जड झालाय. तसा तो पुढच्यापेक्षा थोडा जडच ठेवतात. पुढचा चार पौंडांच्या आत-बाहेर आणि मागचा त्याहून अर्धा पौंड वर, कारण मागे वळलेल्या बोटाची पकड जास्त भरते. पण अर्धा पौंड कुठे आणि हा कुठे. उस्ताद पाटलांचं तर्जनीचं पेर धरून तुम्हाला दाखवतात. वरच्या बाजूला घट्टा पडलाय. मागचा चाप दाबला की धक्क्याने पुढचा चाप बोटाच्या पाठीवर आपटतो, आणि पाटील आयुष्यभर मागचाच आधी दाबत आले. चांगल्या इंग्रजी बंदुकीत यासाठी पुढच्या चापाला आत बारीक बिजागरी असते, तो बोटाला लागला की पुढे झुकतो. "या बंदुकीत तो खर्च केला नाही दादा, तुमच्या बोटाने केला," उस्ताद म्हणतात.

धाकटा डावखुरा आहे, ही गोष्ट मग निघते. डाव्या खांद्याला बंदूक लावली की दस्ता गालाला नको तिथे लागतो, चाप चुकीच्या बाजूला कललेले, सगळंच परकं. डावखुऱ्या गिऱ्हाइकासाठी इंग्लंडात दस्ता उलट्या अंगाला वळवत, चापांची पाती उलटी कलवत आणि पुढचा चाप डाव्या नळीला जोडून देत. एखाद्या जुन्या बंदुकीचा पुढचा चाप दाबून डावी नळी वाजली तर ती बिघडलीय असं समजू नका, आधी मूळ मालकाचा हात विचारा. इथे मात्र तसलं काही नाही. मुलाला वडिलांच्या हाताने बंदूक चालवायला शिकावं लागतंय आणि तो दर सुट्टीत ती चालढकल करतो.

रात्री जागलीला. पाटलांच्या धुऱ्यालगतच्या वावरात हरभरा आहे, पलीकडे ई-क्लासची पडीक जमीन, आणि तिकडून रोही, म्हणजे नीलगायी, येतात. जवारीत डुकरं. माळ्यावर तुम्ही, पाटील, सालदार. थंडी हाडांत. सालदाराजवळ डफडं आहे आणि खरं सांगायचं तर वावराची राखण तेच करतं. बंदूक डुकरासाठी. रोहीवर पाटील बार टाकत नाहीत, टाकलाच तर डोक्यावरून. लोक तिला गाय म्हणतात, गावात राहायचं असतं.

पाटील अंधारात पिशवीत हात घालतात. दोन काडतुसं वेगळी, त्यांच्या बुडाला सुताची गाठ मारलेली, हाताला कळावी म्हणून. ही गोळीची. घरीच ओतलेल्या गोळ्या, पौंडाला तेरा पडतील अशा, एकेक तीन तोळ्यांची. त्यांतलं एक काडतूस ते काढतात. बंदूक मोडतात. तुम्हाला तो शिक्का आठवतो आणि जीभ सुटते.

"काकाजी, गोळी कोणत्या नळीत घालता?"

अंधारात ते तुमच्याकडे वळतात. "काहून?"

"डावीत घालू नका."

सालदार खुदकन हसतो. पाटील कंबरेच्या चंचीतून एक सुटी गोळी काढतात, डाव्या नळीच्या मागच्या तोंडातून आत सोडतात आणि नळी खाली झुकवतात. गोळी घरंगळत जाते आणि तोंडाशी टक् करून अडते. बाहेर पडत नाही. नळी उलटी करून ते ती परत घेतात, उजव्या नळीत सोडतात. ती सरळ तळहातावर पडते.

"जे पडत नाई ते उडवाचं नाई. डाव्या नळीत एल.जी.चे मोठे छर्रे घालतो मी. एवढं तं सालदाराच्या पोरालेही माईत हाये पाहुने. तुमाले कोनी सांगतलं?"

तुम्ही शिक्क्याचं सांगता. इंग्रजीत तसं लिहिलंय, हे ऐकून त्यांना आश्चर्य वाटतं. साहेबालाही ते माहीत होतं म्हणायचं.

पहाटे डुकरं येतात. पाटील पुढच्या चापाने गोळी टाकतात, ती बहुधा मातीत जाते. सालदार डफडं बडवतो, डुकरं पळतात, आणि गावभर सांगायला पाटलांचा बार होतो.

पुढची वर्षं भराभर ओलांडा. नवा शस्त्र कायदा १९५९ चा, तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्यातल्या कलम १३ ने पीकसंरक्षणासाठी तोंडातून ठासायची बंदूक आणि संरक्षण वा शिकारीसाठी वीस इंचांहून कमी नसलेल्या गुळगुळीत नळीची बंदूक, असे विभाग केले. गुळगुळीत नळी आणि खाचांची नळी यांत कायदा फरक करतो. साहेबाची पॅराडॉक्स इथे राहिली असती तर शेवटच्या दोन इंचांनी तिला कोणत्या रकान्यात बसवलं असतं, यावर कचेरीत चांगला आठवडा गेला असता. मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. पखुर्डी, तितर, तणमोर, बंदूक ज्या ज्या गोष्टींसाठी घडवली होती त्या सगळ्या एकामागून एक गुन्हा झाल्या. महानचं धरण झालं, १९८८ मध्ये काटेपूर्णा अभयारण्य झालं, रोही आणि डुकरं वाढली. आज शेतकरी वनखात्याकडे अर्ज करतो, नुकसानीचा पंचनामा होतो, आणि रात्री माळ्यावर अजूनही कुणीतरी डबा बडवत असतो.

आता तुम्ही तुमच्या काळात, बार्शीटाकळीच्या पोलीस ठाण्याच्या व्हरांड्यात आहात. निवडणूक जाहीर झालीय, परवान्याची शस्त्रं जमा करायची आहेत. पाटलांचा पणतू पुढे आहे, रेक्झिनच्या पिशवीत तीच बंदूक. त्याला विचारून हातात घ्या. काहीतरी वेगळं वाटतं. तोल मागे गेलाय. नळ्यांची लांबी तुम्ही वितीने मोजता. तीस इंचांच्या होत्या, आता सव्वीसही भरणार नाहीत.

"आजोबांच्या वेळी टोकाला चेंबली होती," पणतू सांगतो. "त्यांनी दोन्ही नळ्या कापून घेतल्या. तेवढीच हलकी झाली."

कापणारा कामात चोख होता, कड साफ आहे. पण चोक असतो तो शेवटच्या दोन-तीन इंचांतच. उस्तादांसारखा कुणी असता तर म्हणाला असता की नळी आतून तोंडाच्या मागे थोडी कोरून नवी सोंड करता येते, जाड पोलादी नळ्यांत तसं करतातही. या पिळाच्या पातळ नळ्यांत ते करू नये. या नळ्यांतून आजचं दुकानातलं काडतूसही उडवू नये. काडतुसाचं घर जुनं, अडीच इंची, म्हणजे पासष्ट मिलिमीटरचं. आजची काडतुसं बहुतेक सत्तरची. ती बसतात व्यवस्थित, म्हणूनच घात होतो. बार होताना त्यांचं तोंड पुढच्या अरुंद भागात उघडतं, दाब वाढतो, आणि हे लोखंड काळ्या दारूसाठी ठोकलेलं. हे तुम्ही पणतूला सांगा, यावेळी गप्प राहू नका.

तो ऐकून घेतो. तशी ती वीस वर्षांत उडवलीच नाही म्हणतो, दसऱ्याला पूजेला काढतो. मग नळी बंद करून खांद्याला लावून दाखवतो आणि त्याचं बोट पुढचा चाप ओलांडून मागच्यावर जातं.

"आमच्या घरी मागचा आधी," तो सांगतो. का, ते त्याला माहीत नाही. आता दोन्ही नळ्या सारख्याच मोकळ्या आहेत, कोणताही आधी चालेल.

हवालदार नाव पुकारतो. रजिस्टरमध्ये बारा बोअर, दुनळी, क्रमांक, काडतुसं निरंक अशी नोंद होते. पणतू पावती परवान्याच्या पुस्तकात घडी करून ठेवतो आणि निकालानंतर किती दिवसांनी परत मिळेल ते विचारतो.